शिडातला झोळ

२ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. तुमचं फाटकं शीड शिवून आज पाठवलं. फोनच करणार होते, पण दुकानात पाच मशिनं एकदम धडधडतात. तुम्ही काय म्हणता ते मला ऐकू येत नाही, मी काय म्हणते ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आपण दोघी 'हो हो' म्हणून ठेवून देतो. लग्नात फुलं दोनदा आली ती त्यामुळेच. तेव्हा पत्र बरं.

फाटलेलं वीतभरच होतं. आतून कापड लावून बंद केलं. पण फाटणं हा त्या शिडाचा लहान आजार होता. मोठा आजार म्हणजे झोळ! कापायच्या टेबलावर पसरलं तर बसायलाच तयार नाही. इथं दाबावं तर तिथं फुगतं. ज्या कुणी शिवलंय त्याला सरळ कापता येत नसावं, कारण एकेका पट्टीचा काठ गोलसर आहे. असल्या ढगळ शिडावर तुम्ही इतकी वर्षं नाव कशी चालवलीत, देव जाणे. मी सगळ्या शिवणी उसवल्या, काठ सरळ केले, जास्तीचं कापून टाकलं आणि पुन्हा शिवलं. चार दिवस गेले. आता इस्त्रीच्या चादरीसारखं सपाट पडतं. तुम्ही सांगितलं नव्हतंत, पण घरच्या कामात सांगायची वाट कोण बघतं?

पोरं मजेत आहेत. तुमची लेक माझ्या मुलाला पोहायला शिकवतेय. तो अजून बुडला नाही, एवढीच प्रगती आहे.

तुमची विहीण,
शिवणवाली

११ फेब्रुवारी

विहीणबाई,

शीड मिळालं. काय सुरेख शिवलंय! टाके इतके सुरेख की कुठे संपतात ते कळत नाही. वर्गातल्या सगळ्यांना दाखवलं. सगळे म्हणाले, सुरेख.

तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. नाव चालवायला शिकवणाऱ्यांची साठीनंतर दरवर्षी परीक्षा होते. परीक्षक येतात, आणि वाऱ्याच्या समोर, तलावाच्या वरच्या टोकाला तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून चाळीस मिनिटांत परत यायचं. नाही जमलं तर शिकवायचा परवाना रद्द. यंदा तारीख आहे १४ मार्च. दरवर्षी मी चहा गार व्हायच्या आत परत येते, त्यामुळे काळजी नाही.

सध्या सराव मात्र मी दुसऱ्या, जुन्या शिडावर करते. तुमचं इतकं चांगलं झालंय की रोज वापरायला हात धजत नाही.

एक सहज विचारते. झोळ काढताना जे कापड कापलंत ते ठेवलंय का हो? असंच, सहज.

तुमची विहीण,
नाववाली

२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुकडे उशीत भरले. उशी छान झालीय.

रविवारी पोरं तुमच्याकडे येऊन गेली, त्यानंतर तुमचं दुसरं शीड सापडत नसेल. शोधू नका. माझ्या सांगण्यावरून मुलानं गाडीत घातलं आणि इकडे आणलं. सुनेला विचारलं होतं, 'त्यालाही झोळ आहे का गं?' ती म्हणाली, 'आहे की, चांगला मोठा.' आणि तुम्ही बिचाऱ्या भिडेपोटी माझ्याजवळ काही बोलला नाहीत, परीक्षा तोंडावर असताना झोळवाल्या शिडावर सराव करत बसलात. मी काय परकी आहे?

तेही सपाट केलंय. आता तुमच्याकडे दोन चांगली शिडं झाली, एक रोजचं आणि एक परीक्षेचं. परवापर्यंत पोचेल.

तुमची,
शिवणवाली

२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

हात जोडते, कात्री खाली ठेवा.

आता खरं सांगते. पहिलं पत्र मी खोटं लिहिलं. टाके सुरेख होते ते खरं, पण शीड कामातून गेलंय. झोळ हा आजार नव्हता, तोच त्याचा जीव होता. कुणीतरी ते गोल काठ मुद्दाम कापले होते, पट्ट्या जोडल्या की शिडाला पोट यावं म्हणून. तुमचं सपाट शीड लावून मी पहिल्याच दिवशी पाण्यात गेले. हलका वारा होता. आमची नाव, म्हणजे 'गोगलगाय', बोयाकडे तोंड करून ऐटीत निघाली आणि खेकड्यासारखी आडवी सरकत लव्हाळ्यात जाऊन बसली. नावेत एक निवृत्त पोस्टमन शिकायला होते. ते फार सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, आपण मागे चाललोय का?"

हे मी तुम्हाला कोणत्या तोंडानं लिहिणार? तुम्ही चार दिवस खपून प्रेमानं केलंत. वर मी मुलीची आई. लग्नाला चार महिने झाले नाहीत, तोवर लेकीच्या सासूला 'तुम्ही माझं शीड बिघडवलंत' म्हणायचं? मला वाटलं, जुन्यावर परीक्षा काढू, तुम्हाला कळायचंही नाही. आता जुनंही सपाट झालं. परीक्षेला पंधरा दिवस आहेत. नवं शीड शिवून घ्यायचं तर कारागीर दोन महिने म्हणतो.

मला रागवा, पण काहीतरी करा.

तुमची,
नाववाली

२ मार्च

विहीणबाई,

रागावलेच आहे. कापड बिघडलं याचा राग नाही, कापड मी रोज बघते. तुम्ही खोटं बोललात याचा आहे. मुलीची आई म्हणे! या घरात मुलीची आई आणि मुलाची आई असा काही भाव लावलाय का कुणी?

आणि तुमचं म्हणणंही मला पटलेलं नाही. वारा ढकलतो. ढकलणाऱ्याला जितकं ताठ कापड मिळेल तितका तो जोरात ढकलेल. पाठीत धपाटा बसला की माणूस पुढे जातो, धपाटा घालणाऱ्याकडे जात नाही. मग तुमची नाव वाऱ्याच्या तोंडावर जातेच कशी?

शेजारच्या मुलीचं पुस्तक आणून वाचलं. त्यात म्हटलंय, फुगीर बाजूनं गेलेल्या वाऱ्याला लांबचा पल्ला पडतो, म्हणून तो घाई करतो, कारण दोन्ही बाजूंचे वारे पलीकडे एकाच वेळी भेटले पाहिजेत. का भेटले पाहिजेत? ठरवून निघालेत? मी पुस्तक परत दिलं.

तुम्ही मला नीट पटवून द्या. पटल्याशिवाय मी एक टाका घालणार नाही. एकदा न समजता हात घातला, तेवढं पुरे.

शिवणवाली

४ मार्च

विहीणबाई,

पुस्तक परत केलंत ते उत्तम. त्या दोन वाऱ्यांची भेट कधीच होत नाही. फुगीर बाजूचा खरंतर आधीच पोचतो आणि थांबतही नाही.

तुमचा धपाटा अर्धा बरोबर आहे. वाऱ्याकडे पाठ करून जायचं असेल तेव्हा धपाटाच. तेव्हा चादर लावा, पडदा लावा, नाव जाईल. पण वारा बाजूनं किंवा समोरून तिरका येतो तेव्हा शीड त्याला अडवत नाही, वळवतं. वारा शिडाच्या पोटाला धरून वळतो आणि मागच्या बाजूला निघून जातो. आता ज्याला आपण वळवतो तो आपल्याला उलटा रेटा देणारच. वारा मागे गेला, शीड पुढे आणि थोडं बाजूला गेलं. पोट नसेल तर वाऱ्याला वळायला वाटच मिळत नाही. तो शिडाच्या पाठीमागे नुसता घोटाळत बसतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, नळावर ठेवा. नळ सोडा. चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरून लोंबता ठेवा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. धार त्याला दूर ढकलेल असं वाटतं ना? बघाच. मग तुमची मापाची पट्टी तशीच लावून बघा.

आता बाजूला जाण्याचं. नावेच्या पोटाखाली पाण्यात एक उभी फळी असते. ती नावेला आडवं सरकू देत नाही. ओला साबण दोन बोटांत दाबा. एक बोट वारा, दुसरं पाणी. साबणाला बाजूला जागा नाही, म्हणून तो पुढे सटकतो. नाव तशीच सटकते. मात्र अगदी वाऱ्याच्या नाकासमोर कुणालाच जाता येत नाही. थोडं डावीकडे तिरकं, मग वळून थोडं उजवीकडे तिरकं, असं नागमोडी जात बोया गाठायचा.

दहा दिवस उरलेत, विहीणबाई.

नाववाली

६ मार्च

विहीणबाई,

चमचा धारेत ओढला गेला. मी त्याला बाहेर काढते आणि तो पुन्हा आत. पट्टीला काही पडलेली नव्हती. दुकानातल्या पाचही जणींनी आळीपाळीनं करून बघितलं आणि कुणाची बाही कोरडी राहिली नाही. साबण गिऱ्हाइकाच्या कोटावर गेला. कोट धुवायचाच होता म्हणून निभावलं.

पटलं. आणि पटल्यावर माझी मलाच लाज वाटली. ही चूक माझ्याकडे नव्यानं लागलेल्या पोरी करतात. कपडा टेबलावर कसा पडतो ते बघतात, अंगावर कसा बसतो ते बघत नाहीत. मी त्यांना किती बोलते! खांदा गोल असतो, पाठ गोल असते, म्हणून टक्स घालून सपाट कापडाला फुगवटा आणायचा, हे मी चौतीस वर्षं शिकवतेय. शीड वाऱ्याच्या अंगासाठी शिवलेलं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता अडचण ऐका. मी शिवणीत माया ठेवलेली नाही. सैल करावं तर आत कापडच नाही. दोन शिडांचं मिळून एक करावं लागेल. एकाच्या पट्ट्या दुसऱ्याला जोडून काठ पुन्हा गोल कापीन. त्यासाठी माप पाहिजे. झोळ किती खोल? सगळ्यात खोल कुठे, डोलकाठीजवळ, मध्ये, का मागे? वर किती, खाली किती? 'हाताला कळतं' असं उत्तर पाठवू नका. ते माप नव्हे.

शिवणवाली

८ मार्च

विहीणबाई,

'हाताला कळतं' असंच लिहिणार होते.

मग रात्री जेवण झाल्यावर जुने फोटो काढले आणि पट्टी घेऊन बसले. मधल्या उंचीवर शीड पाच हात रुंद आहे, तिथे झोळ अर्धा हात खोल. सगळ्यात खोल जागा डोलकाठीपासून दोन हातांवर, म्हणजे मध्याच्या थोडी अलीकडे. मागे सरकली तर नाव कलते आणि पुढे जात नाही. वरच्या भागात झोळ जरा कमी, किती ते फोटोत दिसत नाही. मागचा काठ सुटसुटीत, वाऱ्याला निघून जाऊ देणारा. एवढी वर्षं शिकवते आणि ही मापं मला आज कळली.

पोस्टानं उशीर झाला तर काय करायचं तेही कळवा. विहीणबाई, मी विनोद करते खरी, पण मला भीती वाटते. मुलीचे बाबा गेल्यापासून एकवीस वर्षं मी या तलावावर आहे. जमिनीवर मला काय येतं? घरात मी दोन दिवस बसले तर कपाटं आवरते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आवरते. परवाना गेला तर माझ्याकडे सकाळी उठायला कारण राहणार नाही.

नाववाली

११ मार्च

विहीणबाई,

पोस्टाचा विषय सोडा. शीड घेऊन मी स्वतः येतेय. १३ तारखेला संध्याकाळच्या बसनं पोचेन. मी काठावर बसेन. पाण्याशी माझा संबंध बादलीपुरताच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

शिवणवाली

१६ मार्च

विहीणबाई,

काल सकाळी तुम्ही चहाही न घेता पहिल्या बसनं गेलात. मी काय समजायचं ते समजले. तरी लिहिते, कारण नावेत तुम्ही जवळजवळ पूर्ण वेळ डोळे मिटून बसला होतात आणि काय घडलं ते तुम्हाला माहीत असायला हवं.

आधी तुम्हाला नावेत चढवल्याबद्दल माफी. नियम असा की परीक्षेत नावेत एक अजिबात न शिकलेला माणूस पाहिजे. सहा वर्षं मी आमच्या माळीबुवांना बसवत आले. यंदा परीक्षक म्हणाले, 'हे आता शिकलेत, दुसरं कुणी आणा.' काठावर दुसरं कुणी म्हणजे तुम्हीच होतात. तुम्ही नको म्हणालात, मग माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि चपला काढल्यात.

शिडानं वारा धरला तसं मला सुकाणूतून कळलं, नाव जिवंत झाली. पहिल्या दोन वळणांतच आपण इतकं पुढे गेलो की मागून येणाऱ्या बोटीतले परीक्षक उभे राहिले. बोयाला वळसा घातला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. परत येताना वारा पाठीशी, म्हणजे तुमचा धपाटा. सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात वारा फिरला, मला शीड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला टाकावं लागणार होतं, आणि नेमके तेव्हाच तुम्ही डोळे उघडलेत आणि शिवण बघायला उभ्या राहिलात! शिडाखालची आडवी काठी तुमच्या डोक्याच्या उंचीवरून फिरायला निघाली होती.

मी ओरडले. "अगं ए बये, खाली बस! डोकं फुटेल!"

तुम्ही बसलात. काठी वरून गेली. आपण छत्तिसाव्या मिनिटाला धक्क्याला लागलो. पण परीक्षकांनी ते ओरडणं ऐकलं आणि वहीत काहीतरी लिहिलं, ते मी बघितलं. निकाल आठ दिवसांनी येईल. शिकाऊ माणसाशी सभ्यपणे बोलावं, असाही एक नियम आहे. परवाना गेला तर माझ्या जिभेनं गेला, शिडानं नाही.

त्याहून वाईट म्हणजे मी लेकीच्या सासूला 'अगं ए बये' म्हटलं. मला क्षमा करा.

नाववाली

२० मार्च

नाववाले,

क्षमाबिमा काही नाही. मी लवकर गेले ते रागानं नाही. चहाला बसले असते तर तुझ्यासमोर रडले असते, आणि मला ते जमत नाही. म्हणून बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं मला खायला दिलं.

दुकानात मी 'बाई', मुलाला 'आई', सुनेला 'सासूबाई', गिऱ्हाइकांना 'मॅडम'. मला 'अगं' म्हणणारी माझी थोरली बहीण जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर माझ्यावर जीव तोडून कुणी ओरडलेलं नाही. सगळे अदबीनं वागतात. अदबीनं वागणाऱ्या माणसांत किती एकटं वाटतं, ते मला काठी डोक्यावरून गेल्यावर कळलं.

आणि आता माझंही ऐक. तुझं ते पहिलं पत्र आलं ना, त्यात तू तीनदा 'सुरेख' लिहिलं होतंस आणि मग तुकडे मागितले होतेस. काम आवडलेलं माणूस तुकडे मागत नाही. मला तेव्हाच संशय आला होता. पण माझं चुकलं असेल हे मला मानायचं नव्हतं, म्हणून मी दुसरं शीड आणवलं आणि तेही सपाट केलं, की दोन्ही सारखी झाली म्हणजे माझंच बरोबर. तू खोटं बोललीस, मी ते खोटं सोयीनं खरं मानलं. फिट्टंफाट.

यापुढे मला तुम्ही म्हणशील तर पत्र उघडणार नाही. निकाल काहीही लागो, कळव. आणि शीड खरंच कसं झालंय ते लिही. खरंच.

शिवणवाली

२५ मार्च

अगं शिवणवाले,

परवाना आला! आणखी एक वर्ष. सोबत परीक्षकांचा शेरा आहे, तो जसाच्या तसा लिहिते: 'नाव वाऱ्यावर उत्तम चालवतात. शिकाऊ व्यक्तीला सूचना स्पष्ट आणि वेळेवर देतात.' मी तो चारदा वाचला आणि मग पोस्टमनसाहेबांना वाचायला दिला. त्यांनी कपाळाला हात लावला.

आता शीड. तू खरं विचारलंस, म्हणून लिहिते. खालचा झोळ अगदी जागेवर बसलाय. वरचा जास्त झालाय, जोराचा वारा आला की नाव कलते. मागचा काठ सुटसुटीत नाही, फडफडतो, कान किटतात. तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीमध्ये सुरकुती आहे. परीक्षेपुरतं भागलं, पण शिकवायला हे चालायचं नाही. मी वर्ग आठ दिवस बंद ठेवलेत आणि शीड आजच्या गाडीनं तुला परत पाठवलंय. उसव आणि पुन्हा शिव.

झालं की घेऊन तूच ये. या वेळी शिवण बसून बघ.

तुझी,
नाववाली